लिटर मोजलं, किलोमीटर कोण मोजणार?

सिंधुदुर्गातल्या वालावलमध्ये गाडी ही आता हौस राहिलेली नाही. कर्ली नदीच्या काठाने माडापोफळीत विखुरलेल्या वाड्या, लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून तळं, एवढं गावात आहे. मोठा दवाखाना, कॉलेज, रेल्वे स्टेशन, तहसील कचेरी हे सगळं कुडाळला. एसटी येते, पण तिच्या वेळेत आपलं काम बसेलच असं नाही. म्हणून बहुतेक घरांच्या खळ्यात दुचाकी उभी असते आणि कुणाच्या तरी दारात एखादी जुनी चारचाकी. अशा गावात पेट्रोलच्या दराइतकाच आणखी एक आकडा सतत चर्चेत असतो, तो म्हणजे गाडी अ‍ॅव्हरेज किती देते. अलीकडे त्या चर्चेचा सूर बदलला आहे. ‘पयल्यासारख्या अ‍ॅव्हरेज गावणा नाय,’ असं रिक्षावाला म्हणतो, दूध घालणारा म्हणतो, शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाई म्हणतात.

या तक्रारीला आज दोन टोकांची उत्तरं मिळतात. मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात की इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने गाड्यांची वाट लागली, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं. सरकारी खुलासा सांगतो की घट किरकोळ आहे, काळजीचं कारण नाही. माझ्या मते पहिलं उत्तर खोटं आहे आणि दुसरं अपुरं. घट खरी आहे, ती मोजता येते, तिचं कारण कळतं, आणि ती ज्याच्या खिशातून जाते त्याला ती भरून मिळायला हवी. इथेनॉलला माझा विरोध नाही. ग्राहकाला न सांगता, न विचारता आणि दरात एक पैसाही न सोडता ते टाकीत भरण्याला आहे.

आधी कारण पाहू. इथेनॉलच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळताना त्यातून उष्णता कमी निघते. एक लिटर पेट्रोल सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा देतं, एक लिटर इथेनॉल सुमारे २१. म्हणजे दोन तृतीयांश. चुलीत खैराचा ओंडका घातला काय आणि तेवढ्याच आकाराची माडाची चुडतं घातली काय, जागा सारखीच भरते, पण भात शिजायला लागणारा जाळ सारखा मिळत नाही. हल्लीच्या मिश्रणाप्रमाणे शंभर लिटरांत २० लिटर इथेनॉल आणि ८० लिटर पेट्रोल धरून गुणाकार केला, तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा पावणेसात टक्क्यांच्या आसपास कमी भरते. १० टक्के मिश्रणात ती साडेतीन टक्क्यांच्या जवळपास कमी असते. कोणत्याही इंजिनाला हा हिशेब चुकवता येत नाही. इंजिनाची रचना बदलून त्यातला काही भाग परत मिळवता येतो, एवढंच.

इथे एक घोळ नेहमी होतो. तुलना कशाशी करायची? २०२२ साली देशात १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं, तेव्हापासून आपण १० टक्क्यांचं पेट्रोल वापरत होतो. त्यावरून २० वर आलो, तर ऊर्जेतली नवी घट साडेतीन टक्क्यांची. बिनइथेनॉलच्या पेट्रोलशी तुलना केली, तर ती जवळपास दुप्पट. सरकारच्या बाजूचे लोक पहिला आकडा धरतात, तक्रार करणारे दुसरा, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा खोटं बोलतो.

आता अधिकृत कागद काय म्हणतो ते पाहू. नीती आयोगाचा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा ५ जून २०२१ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी पुण्यात निव्वळ इथेनॉल विकण्याचा पथदर्शी प्रकल्पही सुरू झाला. या आराखड्यात घट स्पष्ट लिहिली आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेली आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेली चारचाकी २० टक्क्यांवर चालवली, तर इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटते. तशाच दुचाकीची ३ ते ४ टक्के घटते. १० टक्क्यांसाठी बनवलेली आणि २० साठी जुळवलेली चारचाकी असेल, तर घट १ ते २ टक्केच. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, तोही याच धर्तीवर होता. म्हणजे घट होते की नाही हा वाद सरकारच्या स्वतःच्या कागदाने केव्हाच मिटवला आहे.

या तीन आकड्यांत खरी गोम आहे. सगळ्यात कमी नुकसान नव्या गाडीचं होतं आणि सगळ्यात जास्त जुन्या चारचाकीचं. नियमही तसेच आले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी नळ्या, सील, टाकी असे भाग २० टक्क्यांचं मिश्रण सोसतील असे बनू लागले आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनं त्यासाठी जुळवायची असं ठरलं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या वर असतो. त्यामुळे इंजिनात दाब वाढवता येतो, ठोका न पडता जास्त काम काढून घेता येतं आणि ऊर्जेतली तूट बरीचशी भरून निघते. पण हा फायदा ज्याच्याकडे तसं इंजिन आहे त्याला. वालावल, चेंदवण, नेरूर, पाट या पट्ट्यात फिरणाऱ्या कितीतरी दुचाकी २०२० च्या आधीच्या, कार्ब्युरेटरवाल्या आहेत. त्यांना इंधन बदललं हे कळायला सेन्सर नाही. नव्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजनचा सेन्सर एक्झॉस्टचा अंदाज घेतो आणि इंधन थोडं जास्त सोडतो. कार्ब्युरेटरचा जेट मात्र ठरलेल्या मापाचाच. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. त्यामुळे जुन्या गाडीत मिश्रण विरळ होतं. ज्या गाड्या आधीच जास्त पेट्रोल पीत होत्या, त्यांना हा विरळपणा थोडा मानवतो. दुचाकींची घट चारचाकींपेक्षा कमी दिसते, त्याचं हे एक कारण असावं. विषारी कार्बन मोनॉक्साइडही त्यामुळे कमी होतो. आराखड्यानुसार दुचाकीत निम्म्याने, चारचाकीत ३० टक्क्यांनी. हा फायदा खरा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा.

शंकांचं निरसन कसं करावं, हे कुडाळच्या एका गॅरेजमध्ये फार चांगलं पाहायला मिळालं. मिस्त्रीने काचेच्या मापाच्या नळीत १० मिलिलिटर पाणी घेतलं, वर गाडीच्या टाकीतलं १०० मिलिलिटर पेट्रोल ओतलं, बूच लावून नळी हलवली आणि बाकावर ठेवली. थोड्या वेळात दोन थर वेगळे झाले. तळाचा थर १० वर थांबला नाही, ३० च्या जवळ गेला. शेजारी उभे असलेले गृहस्थ लगेच म्हणाले, ‘बघितलंस? पंपवाल्यान पाणी घातल्यान.’ मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘काकानू, ह्या सगळा पाणी न्हय. पेट्रोलातला इथेनॉल पाण्यात उतारला.’ इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, म्हणून ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि थर फुगतो. ज्या व्हिडिओंत ‘पेट्रोलमध्ये पाणी’ म्हणून आरडाओरडा असतो, त्यातल्या पुष्कळांत हेच दिसत असतं. त्या नळीने पंपवाल्यावरचा आळ तर दूर केलाच, शिवाय टाकीत सुमारे एक पंचमांश इथेनॉल आहे हेही दाखवलं. पंपावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायला हवं, ते समजायला गॅरेजमध्ये यावं लागलं.

अ‍ॅव्हरेज २०–३० टक्क्यांनी पडलं असं कुणी सांगितलं, तर त्याची गाडी तपासायला पाठवावी. ऊर्जेच्या हिशेबात एवढी घट बसत नाही. टायरमधली हवा, घसरणारा क्लच, मळलेला एअर फिल्टर, पावसात उखडलेला रस्ता, एका टाकीच्या भरण्यावर काढलेला अंदाज यांतलं काहीतरी त्यात असणार. इथेनॉलवर नसलेले दोष लादले, तर असलेला दोषही कुणी मनावर घेत नाही. तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता असलेल्या दोषाची किंमत काढू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. शुद्ध पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी चारचाकी वर्षाला १२,००० किलोमीटर चालली, तर ८०० लिटर लागतात. साडेसहा टक्के घट धरली, तर आणखी सुमारे ५५ लिटर, म्हणजे पावणेसहा हजार रुपये. ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला तेवढ्याच अंतरासाठी नऊ लिटर जास्त, म्हणजे साडेनऊशेच्या घरात. ज्याच्या पगारात हे दिसतही नाही, त्याच्यासाठी घट किरकोळ. काजूच्या हंगामावर, आंब्याच्या मोहरावर किंवा रोजच्या भाड्यावर ज्याचं घर चालतं, त्याला ती किरकोळ म्हणणं शोभत नाही. याच जिल्ह्यात बांदा-सावंतवाडीकडची माणसं गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून पत्रादेवी ओलांडून टाकी भरून येतात. दरातला तो फरक आणि जुन्या चारचाकीवर मिश्रणाने पडणारा लिटरमागे सात रुपयांचा बोजा हे साधारण एकाच मापाचे आहेत. ज्या रकमेसाठी लोक राज्याची हद्द ओलांडतात, ती नगण्य कशी ठरते?

सिंधुदुर्गाचा म्हणून यात आणखी एक विषय आहे, पाण्याचा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा जिल्हा. मुंबईकरांच्या कितीतरी गाड्या गणपतीनंतर पडवीत झाकून ठेवलेल्या असतात, त्या पुढच्या सणाला सुरू होतात. झाकण घट्ट असेल, तर हवेतल्या दमटपणाने टाकीत लगेच पाणी साचत नाही, आणि २० टक्क्यांचं मिश्रण १० टक्क्यांपेक्षा थोडं जास्त पाणी पोटात घेऊ शकतं. पण एकदा मर्यादेबाहेर पाणी गेलं, की गॅरेजच्या नळीत दिसलं तेच टाकीत घडतं. इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाला बसतो आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाशीच असते. होडीवाल्याला हा धोका जास्त. कर्लीतून फिरणाऱ्या, देवबाग-तारकर्लीला पर्यटक नेणाऱ्या, मालवणच्या किनाऱ्यावर जाळी टाकायला जाणाऱ्या छोट्या होड्यांना आउटबोर्ड मशीन असतं. बऱ्याच आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के लिहिलेली आहे. रस्त्यावर गाडी बंद पडली, तर माणूस ती ढकलत नेतो. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या लाटांत मशीन बंद पडलं तर काय होतं, ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारावं. तरीही होडीसाठी वेगळं पेट्रोल मिळण्याची सोय नाही.

मग हे सगळं कशासाठी? उत्तर घाटावर आहे, आणि ते पोकळ नाही. देशातले इथेनॉलचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती. २०१४ च्या सुमारास मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास अडकलं होतं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्येच गाठलं गेलं. साखर विकून पैसा यायला कारखान्याला वर्ष-वर्ष थांबावं लागतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात आणि ऊस घालणाऱ्याची एफआरपी (उसाची ठरलेली किमान किंमत) वेळेवर निघते. वैभववाडीकडचा आमचा ऊसही घाट चढून गगनबावड्याच्या कारखान्याला जातो. कच्च्या तेलाचा बहुतांश भाग परदेशातून आणणाऱ्या देशाने परकीय चलन वाचवायला पाहणं यातही गैर काही नाही. ऊस-उत्पादकाचं भलं झालं म्हणून कोकणातल्या माणसाने कुढावं, असं मी म्हणणार नाही.

पण या फायद्याचा हिशेबही लिटरमध्ये मांडला की फुगतो. २० लिटर इथेनॉलने २० लिटर पेट्रोल वाचलं असं वाटतं. न जुळवलेल्या इंजिनात तेवढ्या इथेनॉलची ऊर्जा सुमारे १३ लिटर पेट्रोलची असते. उरलेल्या सात लिटरांची तूट आपण पंपावर पुन्हा जाऊन भरतो. शिवाय पाण्याचा खर्च वेगळा. नीती आयोगाच्याच आराखड्यात एक लिटर उसाच्या इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आली आणि कारखाने अडचणीत सापडले. त्यानंतर मका आणि तांदळाचा वाटा वाढत गेला. म्हणजे उसाच्या शेतकऱ्यासाठी म्हणून सांगितलेल्या योजनेचा मोठा भाग आता धान्यावर उभा आहे. देशाचा फायदा मोजायचा, तर पाणी, धान्य आणि खरं वाचलेलं तेल हे सगळं एका पानावर मांडायला हवं.

आता मुख्य मुद्दा. नीती आयोगाच्या आराखड्याने घट सांगून विषय सोडला नव्हता. मिश्रण केलेल्या इंधनाची किरकोळ किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, म्हणजे ऊर्जेतली तूट भरून निघेल आणि लोक ते आपणहून स्वीकारतील, अशी शिफारसही त्यात होती. ती बाजूला राहिली. याबद्दल मंत्रालयाने दिलेलं उत्तर असं, की आराखडा तयार झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. आता ते महाग पडतं. २०२४–२५ च्या हंगामात, जुलैअखेर, खरेदीचा सरासरी खर्च वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे झाला होता आणि शुद्धीकरण केलेलं पेट्रोल त्याहून स्वस्त होतं.

उत्तर प्रामाणिक आहे, पण ते पूर्णपणे ग्राहकाच्या बाजूने जातं. आपण कमी ऊर्जेची वस्तू जास्त किमतीला विकत घेतो आणि त्याचं कारण शेती आणि परकीय चलन हे आहे, असा त्याचा अर्थ. मग हा खर्च देशाच्या धोरणाचा आहे. तो अर्थसंकल्पात दाखवावा, संसदेत त्यावर चर्चा व्हावी, करातून तो सगळ्यांनी मिळून उचलावा. आज तो किलोमीटरमागे वसूल होतो आणि ज्याची गाडी जितकी जुनी, त्याच्याकडून तितका जास्त. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याला १ ते २ टक्के, आणि नसलेल्याला ६ ते ७. असा कर कुणी उघडपणे मांडला असता, तर एकाही पक्षाने त्याला हात वर केला नसता.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर ब्राझीलचं नेहमी दिलं जातं, आणि द्यायलाही हवं. तिथे पेट्रोलमध्ये २७ टक्के इथेनॉल कित्येक वर्षं होतं, ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झालं. पण तिथल्या पंपावर निव्वळ इथेनॉलही वेगळ्या दराने मिळतं आणि गाड्या दोन्हीवर चालतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल, हा हिशेब तिथल्या सामान्य चालकाला पाठ आहे. ऊर्जेचा फरक तिथे दरात उमटतो आणि निवड ग्राहक करतो. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण आणलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर ठेवलं. युरोपातल्या पंपांवर गोल चिन्हात टक्केवारी छापलेली असते. ब्राझीलसारखं मिश्रण आपण घेतलं, तिथल्या ग्राहकाची निवड मात्र घेतली नाही.

आपल्याकडे बिनइथेनॉलचं म्हणून ओळखलं जाणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही शहरांत मिळतं, सुमारे १६० रुपये लिटर. ७ टक्के जास्त अंतरासाठी ५० टक्के जास्त पैसे मोजायला लावणाऱ्या वस्तूला पर्याय म्हणता येत नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर ठळक सूचना मिळावी म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण न्यायालयाने दार लावलं म्हणून धोरणकर्त्यांची जबाबदारी संपत नाही. उलट आता ती त्यांच्यावरच उरली आहे.

दोन प्रकारचं पेट्रोल ठेवायला पंपावर टाक्या कुठून आणायच्या, हा आक्षेप खरा आहे. पण बऱ्याच पंपांवर महागड्या ‘प्रीमियम’ पेट्रोलची वेगळी टाकी असतेच. श्रीमंत गाडीसाठी जी जागा निघते, ती जुन्या गाडीसाठी आणि होडीसाठी निदान तालुक्यातल्या एका पंपावर निघायला हरकत नसावी. मिश्रण करण्याची सोय डेपोत आहे. १० टक्क्यांचं मिश्रण देशाने काही वर्षांपूर्वीपर्यंत सर्वत्र पुरवलं होतं, तेव्हा ते अशक्य नाही.

म्हणून मागण्या चार. पंपावर, दराच्या पाटीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत इथेनॉलचा टक्का लिहावा. २० टक्क्यांच्या पेट्रोलचा दर ऊर्जेच्या प्रमाणात उतरवावा आणि तेल कंपन्यांची तूट सरकारने उघडपणे सोसावी. जुन्या गाड्यांसाठी आणि आउटबोर्डसाठी १० टक्क्यांचं पेट्रोल प्रत्येक तालुक्यात किमान एका ठिकाणी, त्याच दरात मिळावं. आणि रस्त्यावर असलेल्या प्रमुख गाड्यांची ०, १० आणि २० टक्क्यांवरची चाचणी करून त्यांचे निकाल मॉडेलनिहाय लोकांसमोर ठेवावेत. चाचणीची यंत्रणा पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे आहे, त्यासाठी नवीन काही उभारायला नको.

२० वर हे थांबणार नाही. २७ टक्क्यांची चर्चा सुरू झालीच आहे. २० च्या वेळी जो हिशेब दडून राहिला, तो २७ च्या वेळी आणखी मोठा होईल. म्हणून आजच तो मागायला हवा, आणि तो मागण्याचा पहिला हक्क ज्याला दुसरा रस्ता नाही त्याला आहे. ज्या गावातून एसटी चुकली की दुचाकीशिवाय कुडाळ गाठता येत नाही, तिथला माणूस धोरणाचा शत्रू नसतो. त्याला फक्त मोजून दिलेल्या पैशांत मोजून अंतर हवं असतं. तेवढं देऊन जे इथेनॉल विकता येईल, ते विकावं. तेवढं देऊन विकता येत नसेल, तर त्याचा टक्का वाढवण्याआधी सरकारने पुन्हा विचार करावा.